आठवड्याचे पत्र, रोजचे पत्र

‘लोकमत’ हे दैनिक नागपुरात १९७१ मध्ये सुरू झाले आणि १९७७ मध्ये त्याने नागपूरबाहेरची आवृत्ती काढली ती जळगावातून. औरंगाबादची पाळी त्यानंतर, १९८२ मध्ये आली. औरंगाबादेत विद्यापीठ होते, मराठवाड्याचा सगळा सरकारी कारभार तिथून चालत होता. जळगावची महाविद्यालये मात्र तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. इथे विद्यापीठ यायला १९९० उजाडावे लागले. तरीही दैनिकाच्या मालकाला जळगाव आधी दिसले. हे कोडे उलट्या बाजूनेही तितकेच अवघड आहे. ज्या गावात १८७७ पासून वाचनालय आहे आणि जिथून १८८७ ते १९३५ अशी अठ्ठेचाळीस वर्षे केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ मासिक निघत होते, त्या गावाला आपले रोजचे पत्र मिळायला एवढा उशीर का व्हावा? धुळ्याचीही गोष्ट हीच. ब्रिटिश काळातील खानदेशी पत्रसृष्टी ही साप्ताहिकांची सृष्टी होती. दैनिकाने इथे खरा जम बसवला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. यावर नेहमीचे उत्तर असे की भाग मागासलेला, माणसे निरक्षर, भांडवल नाही. माझ्या मते हे उत्तर अपुरे आहे. दैनिक पत्र छापखान्यातून किंवा शाळेतून जन्माला येत नाही. ज्या मुलखाचे निर्णय त्याच मुलखात होतात, आणि तेही रोज होतात, तिथेच ते तग धरते. खानदेशच्या शंभर वर्षांच्या पत्रेतिहासात याचा पुरावा जागोजाग सापडतो.

मुळात हा मुलूख बातमीला पारखा कधीच नव्हता. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला, कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव वाढू लागले. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोहोचले. त्याच दशकात अमेरिकेतील यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव हे कापसाचे पीठ झाले ते या दोन गोष्टींच्या संगमावर. ज्या पेठेचा भाव लिव्हरपूल आणि मुंबईच्या तेजीमंदीवर हलतो, त्या पेठेला रोजची बातमी लागणारच. पण ती पत्रातून यावी असे तिला वाटत नव्हते. अडत्याला आणि गिरणीच्या खरेदीदाराला बातमी तारेने मिळत होती. शेजारच्या दुकानाला ती दोन तास उशिरा कळण्यातच त्याचा नफा होता. भावाची बातमी हे भांडवल होते, आणि भांडवल कोणी चार पैशांना छापून वाटत नाही. तेव्हा रोजच्या बातमीची गरज खानदेशात होती, पण ती मूठभरांची होती आणि खासगीत भागत होती. विखुरलेल्या शेतकऱ्याच्या हाती त्या बातमीचा उपयोगही मर्यादित होता. कापूस हे हंगामी पीक, वेचून घरात साठवता येणारे. सावकाराच्या देण्यापायी तो कधी विकायचा हे बहुधा आधीच ठरलेले असे.

या पार्श्वभूमीवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत निघालेली साप्ताहिके पाहावीत. धुळ्यात ‘खानदेश वैभव’ आणि ‘आर्यावर्त’, जळगावात ‘प्रबोधचंद्रिका’. ‘प्रबोधचंद्रिका’ चालवणारे नारायण नरसिंह फडणीस हेच ‘काव्यरत्नावली’चे संपादक. म्हणजे आठवड्याला सरकारी अन्यायावर लिहिणारी आणि महिन्याला कवींची हस्तलिखिते तपासणारी लेखणी एकाच हातात होती. या पत्रांचा सर्वांत चोख वाचक मुंबई सरकार होते. सरकारचा ओरिएंटल ट्रान्सलेटर दर आठवड्याला देशी पत्रांचा इंग्रजी गोषवारा तयार करून वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे ठेवी. त्यासोबतच्या यादीत पत्राचे नाव, गाव, ते रोजचे की आठवड्याचे, संपादकाचे नाव, जात, वय आणि खप अशी रकानेवार माहिती असे. या यादीतच खानदेशी पत्रांचा खरा पिंड दिसतो. खप शेकड्यांतला, संपादक बहुधा ब्राह्मण, आणि भोवती वकील, शिक्षक, मामलेदार कचेरीतले कारकून. दुष्काळ, प्लेग, शेतसारा, जंगलखात्याचा जाच या तक्रारी ते मांडत, पण मांडत ते अर्जाच्या घाटात. मजकूर गावाला उद्देशून असे आणि नजर कलेक्टरवर असे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने खानदेश होरपळला, तेव्हाही सूट द्यायची की नाही, कामे कुठे काढायची, हे ठरवणारी माणसे मुंबईत, पुण्यात किंवा धुळ्याच्या बंगल्यात इंग्रजीतून ठरवत होती. अर्जाचे उत्तर महिन्याने येणार असेल तर अर्ज रोज लिहून काय उपयोग? आठवड्याचे पत्र या कारभाराच्या गतीला पुरेपूर होते.

इथे एक समज दूर करायला हवा. साप्ताहिक म्हणजे अर्धे राहिलेले दैनिक, असे आपण आज धरून चालतो. तेव्हा तसे कोणी मानत नव्हते. खुद्द ‘केसरी’ १८८१ मध्ये साप्ताहिक म्हणून निघाला, १९२९ मध्ये आठवड्यातून दोनदा निघू लागला आणि दैनिक झाला तो १९६२ मध्ये. टिळकांना रोजचे पत्र काढता आले नाही म्हणून ‘केसरी’ साप्ताहिक होता, असे कोणी म्हणणार नाही. खानदेशात तर आठवडा हे मोजमाप गावगाड्याच्या हाडात होते. तालुक्याच्या गावाचा आठवडे बाजार हा एकाच वेळी मंडई, कचेरीला जायचा दिवस, सोयरिकी जुळवायचा दिवस आणि बातमीचा दिवस असे. धान्य, मिरची, बैल यांच्याबरोबर खबरही त्या दिवशी हात बदलत असे. पत्राच्या आधीही ही यंत्रणा किती समर्थ होती हे १८५२ मध्ये दिसले. जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांचे प्रचंड जमाव उभे राहिले आणि सरकारला फौज आणावी लागली. तेव्हा तिथे एकही पत्र नव्हते. खबर गावोगाव गेली ती माणसांच्या तोंडून. नंतरच्या साप्ताहिकाने हीच वाट धरली. एक अंक बाजाराच्या गावी यायचा, कोणी तरी तो मोठ्याने वाचायचा आणि उरलेले आठवडाभर त्यावर बोलायचे. खप शेकड्यांत मोजला जाई, पण कान मोजले असते तर आकडा कितीतरी वर गेला असता.

आता निरक्षरतेचा आक्षेप घेऊ. तो हलका नाही. १९०१ च्या जनगणनेत भारतातली साक्षरता साडेपाच टक्क्यांच्या आत होती. खानदेशची लोकसंख्या तेव्हा सुमारे सव्वाचौदा लाख. त्यातही भिल्ल, कोळी, तडवी आणि दलित वस्त्यांपर्यंत शाळा पोहोचलीच नव्हती. एवढ्या अपुऱ्या वाचकवर्गावर दैनिक कसे चालणार? पण मग त्याच सुमारास किनाऱ्यावर काय घडले ते पाहावे. २२ जानेवारी १९०० रोजी पणजीत ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातले पहिले दैनिक निघाले. ते पोर्तुगीज भाषेत होते, आणि पोर्तुगीज वाचणारे गोव्यातही मूठभरच होते. गोव्याची सगळी लोकसंख्या खानदेशच्या निम्मीही नव्हती. पणजी तेव्हा आकाराने धुळे-जळगावला लाजवणारे शहर मुळीच नव्हते. तरीही समुद्राकाठच्या त्या लहान गावाला रोजचे पत्र पेलले, कारण पणजी ही राजधानी होती. गव्हर्नरचा हुकूम, नेमणुका, न्यायालय, बंदरात लागलेली बोट, लिस्बनहून आलेली खबर, हे सगळे चालत पोहोचता येईल एवढ्या अंतरात रोज घडत होते आणि त्याने रोज कोणाचे तरी बरेवाईट होत होते. कोल्हापूरचे उदाहरण घरचे आहे. संस्थानच्या या राजधानीत १९३७ मध्ये साप्ताहिक म्हणून निघालेला ‘पुढारी’ दोन वर्षांत, १९३९ मध्ये, दैनिक झाला. तेव्हा कोल्हापूरची साक्षरता खानदेशपेक्षा आभाळाएवढी जास्त नव्हती. फरक दरबाराचा होता. निरक्षरता दैनिकाचा खप कमी ठेवते हे खरे, पण दैनिक असेल की नसेल हे ती ठरवत नाही. ते गावात सत्ता कुठे बसते यावर ठरते. आणि खानदेशात सत्ता बसत नव्हती, ती दौऱ्यावर येत होती. १९०६ मध्ये जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी फाळणी झाली. जळगावलाही कलेक्टर मिळाला. ठाणी एकाची दोन झाली, पण निर्णयाची जागा हलली नाही.

दुसरे कारण भूगोलाचे आहे आणि ते फारच चमत्कारिक आहे. मुंबईहून नागपूर लोहमार्गाने ८३७ किलोमीटर. मुंबईहून जळगाव ४२०. म्हणजे जळगाव या मार्गाच्या जवळजवळ बरोबर मध्यावर येते. दोन मोठ्या छापील शहरांचा उजेड जिथे सारखाच मंद होतो, ती ही जागा. मुंबईचे दैनिक जळगावला पोहोचायचे ते रात्रभराचा प्रवास करून, आणि त्या गाडीला गाठण्यासाठी त्याची डाक आवृत्ती रात्र चढण्याआधीच छापावी लागे. नागपूरच्या पत्राचेही तेच. दोन्हीकडून येणारी बातमी निम्मी शिळी असे. धुळ्याची स्थिती वेगळी होती. ते मुख्य मार्गावर नाही. १९०० मध्ये चाळीसगावहून फाटा निघाला तेव्हा कुठे त्याला रेल्वे मिळाली, आणि मुंबईचा गठ्ठा चाळीसगावला गाडी बदलून येऊ लागला. पण धुळे आग्रा रस्त्यावर आहे आणि त्या रस्त्याने नाशिक दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर. मोटारी आणि पुढे एसटी सुरू झाल्यावर नाशिकच्या ‘गावकरी’सारख्या पत्राला धुळे सकाळच्या टप्प्यात आले. म्हणूनच खानदेशचे दोन भाग वाचक म्हणूनही वेगळे घडले: धुळे नाशिककडे पाहणारे, जळगाव दोन्ही दिशांना पाहून कोणाचेच न झालेले. यावर कोणी म्हणेल, ४२० किलोमीटर तर १८८० मध्येही होते. मग अंतराने तेव्हा दैनिक का जन्माला घातले नाही? आक्षेप रास्त आहे. अंतर जागा मोकळी ठेवते, ती भरत नाही. बाहेरचे पत्र इथे दुबळे का पडले हे अंतर सांगते. इथले पत्र कशाने उभे राहिले याचे उत्तर दुसरीकडे शोधावे लागते.

त्या उत्तराचा एक लहानसा नमुना अमळनेरच्या वसतिगृहात सापडतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत. ज्या खानदेशात छापलेले दैनिक उभे राहत नव्हते, तिथे हाताने लिहिलेले दैनिक चालत होते, ही गोष्ट निव्वळ गुरुजींच्या कष्टाळूपणाची म्हणून सोडून देता येत नाही. हे पत्र कशामुळे शक्य झाले? वाचक एका छपराखाली राहत होते. त्यांचा दिवस एकत्र उजाडत होता. काल घडलेले उद्यापर्यंत शिळे होत होते, आणि लिहिणारा व वाचणारे यांना एकमेकांचे देणेघेणे रोजचे होते. दैनिकाला लागणारा समाज तो हाच. त्याच गुरुजींनी १९३८ मध्ये जिल्ह्यासाठी पत्र काढायचे ठरवले तेव्हा ते दैनिक काढले नाही. अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले. अतिवृष्टीने पिके बुडाल्यावर शेतसाऱ्याच्या सुटीची मागणी, गिरणी कामगारांची गाऱ्हाणी, खेड्यापाड्यांतला प्रचार असा त्याचा संसार होता. दोन वर्षांपूर्वीच, डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरून गेले होते आणि पूर्व खानदेश राजकारणाने ढवळून निघाला होता. वाचक होते, विषय होते, लेखणी तर होतीच. पण जिल्हा अजून वसतिगृहासारखा एका छपराखाली आला नव्हता. मागणी जिल्ह्यातून होत होती, मान्य किंवा अमान्य दुसरीकडे होत होती. हाच माणूस पुढे मुंबईत गेल्यावर १९४८ मध्ये ‘कर्तव्य’ हे सायंदैनिक काढतो, हे लक्षात घेतले की स्थळाचा महिमा उमगतो.

ते छप्पर आले १ मे १९६२ रोजी. त्या दिवशी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. त्यापूर्वी लोकल बोर्डे होती, हे खरे. पण त्यांचे अधिकार तोकडे, पैसा थोडा आणि बराच काळ कलेक्टरची छाया डोक्यावर. १९६२ नंतर प्राथमिक शाळा, शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या, ग्रामीण रस्ते, दवाखाने, पाझर तलाव यांचा कारभार जळगाव आणि धुळे या दोन गावांत, निवडून आलेल्या माणसांकडून, मराठीतून होऊ लागला. कोणाची बदली कुठे झाली, कोणत्या गावचा रस्ता मंजूर झाला, सभापती कोण होणार, कोण फुटले, हे जिल्ह्याच्या दर गावात कोणाला तरी रोज कळायला हवे होते. त्यातच सहकार वाढला. फैजपूरचा मधुकर, शहाद्याचा सातपुडा-तापी परिसर असे साखर कारखाने, जिल्हा बँका, बाजार समित्या आणि त्यांच्या निवडणुका. पूर्व भागात पीकही बदलत गेले. रावेर, यावल, सावदा पट्ट्यात केळी पसरली आणि घडांनी भरलेल्या वॅगनी दिल्लीकडे धावू लागल्या. कापूस थांबतो, केळी थांबत नाही. घड कापला की दोन दिवसांत तो विकायला हवा, म्हणून केळीचा भाव हा रोज जाहीर करायचा आणि रोज भांडायचा विषय झाला. कापसाच्या काळात भावाची बातमी अडत्याच्या खिशात राहिली. केळीच्या काळात ती बागायतदाराच्या हक्काची झाली आणि पत्राच्या पानावर आली. कारभार, निवडणूक आणि नाशवंत पीक या तिघांनी मिळून जिल्ह्याचा दिवस एकत्र उजाडायला लावला.

काळाचा क्रम या म्हणण्याला दुजोरा देतो. औरंगाबादचा ‘मराठवाडा’ १९३८ मध्ये साप्ताहिक म्हणून निघाला आणि दैनिक झाला १९६८ मध्ये. नाशिकचा ‘देशदूत’ १९७० चा. नागपूरचे ‘लोकमत’ दैनिक १९७१ चे आणि त्याची जळगाव आवृत्ती १९७७ ची. जळगावचे ‘जनशक्ती’, धुळ्याचे ‘आपला महाराष्ट्र’ ही खास खानदेशी दैनिके याच जिल्हाकेंद्री जगात नांदली. मुंबईबाहेरच्या मराठी दैनिकांचे हे पीक जिल्हा परिषदांच्या पहिल्या दीड दशकात आले, हा योगायोग मानणे कठीण आहे. इतिहासकार इथे दुसरी कारणेही पुढे करतील. साक्षरता वाढली: १९५१ मध्ये देशात १८ टक्के होती, १९७१ मध्ये ३४ टक्के झाली. एसटीची गाडी पहाटे गठ्ठे घेऊन तालुक्याला जाऊ लागली. ऑफसेट छपाई आली, टेलिप्रिंटर आला. आणीबाणीतील सेन्सॉर मार्च १९७७ मध्ये उठल्यावर बातमीची भूक उसळली. यातले एकही कारण खोटे नाही. पण ही सगळी कारणे रत्नागिरीला, परभणीला आणि जळगावला सारखीच लागू होती. नागपूरच्या पत्राने नागपूरनंतर जळगावच का निवडले हे त्यांतून कळत नाही. जळगावला मध्यावरची मोकळी जागा होती, जाहिरात देऊ शकणारी सराफ, डाळ आणि बियाणे यांची पेठ होती, आणि रोज घडणारे जिल्ह्याचे राजकारण होते. यंत्र पत्र छापून देते. वाचायला कारण देत नाही.

सगळ्यात बोचरा आक्षेप भाषेचा आहे, आणि तो पूर्णपणे परतवता येत नाही. ज्या पत्रांना खानदेशची पत्रे म्हणायचे, ती खानदेशच्या बोलीत कधी निघालीच नाहीत. धुळ्याच्या बाजूला अहिराणी, जळगावच्या पूर्वेला लेवा गणबोली, सातपुड्यात भिल्ली आणि पावरी. पत्रातली मराठी मात्र पुण्याची. याचा सर्वांत जिव्हारी लागणारा पुरावा जळगावातच आहे. ‘काव्यरत्नावली’ने १९०७ मध्ये जळगावात कविसंमेलन भरवले. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे उभा राहिला आणि ‘बालकवी’ म्हणून बाहेर पडला. त्या वेळी त्याच जळगावात, आसोद्याहून लग्न होऊन आलेली सत्तावीस वर्षांची बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात ओव्या रचत होती. अठ्ठेचाळीस वर्षे कवितेचा शोध घेणाऱ्या मासिकाला आपल्याच गावातली ती कविता ऐकू आली नाही. बहिणाबाईंचा संग्रह निघाला १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आणि त्याला जगापुढे आणणारा संपादक मुंबईचा होता, आचार्य अत्रे. मग जळगावच्या छापखान्याने खानदेशचे नेमके काय केले? माझे उत्तर असे: छापील पत्राची भाषा इथे आरंभापासून कचेरीची, अर्जाची भाषा होती, कारण पत्राचे काम सत्तेशी बोलणे हे होते. घरात जी भाषा बोलतात ती लेखी करणे हे काम त्याने आपले मानलेच नाही. सत्ता जिल्ह्यात आली तेव्हाही ती प्रमाण मराठीतच आली, आणि दैनिकाने तिचीच भाषा उचलली. हा दोष आहे; पण तो माझ्या मूळ मुद्द्याला छेद देत नाही, उलट पक्का करतो. पत्र सत्तेच्या मागे जाते, बोलीच्या मागे नाही.

सत्तेच्या मागे जाण्याची किंमतही पत्राला मोजावी लागली. ज्या जिल्हा परिषदेने वाचक दिला, तिच्याच निविदांच्या जाहिरातींवर पाने भरू लागली. कारखान्याच्या निवडणुकीची बातमी आणि कारखान्याच्या अध्यक्षाच्या वाढदिवसाची रंगीत शुभेच्छा एकाच अंकात शेजारी आली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा वाद महाराष्ट्रभर गाजला. जिल्हा दैनिकाच्या जन्मातच असलेले दुखणे त्यातून उघडे पडले. तरी त्याचे काम यावरून शून्य ठरत नाही. जमीन खरेदीपूर्वीची वकिलाची जाहीर नोटीस, पीककर्जाची मुदत, गंधमुक्ती आणि उत्तरकार्याचे निवेदन, केळीचा आणि सोन्याचा भाव या मजकुराला संपादक कमी लेखतो, पण वाचक आधी तेच पान उघडतो. दुसरे एक नुकसान मात्र सावकाश झाले. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. २०११ मध्ये ‘दिव्य मराठी’ जळगावात आले, स्पर्धा वाढली, आणि प्रत्येक पत्र जिल्ह्याची, मग तालुक्यांची पाने वेगळी करत गेले. पानाच्या माथ्यावर खानदेश हे नाव राहिले, पण चोपड्याच्या वाचकाला साक्रीची बातमी दिसेनाशी झाली. १९०६ च्या फाळणीने जिल्हा कागदावर तोडला होता. पानांच्या या वाटणीने तो वाचकांच्या मनात तोडला.

आज मोबाइलमुळे ४२० किलोमीटरला अर्थ उरलेला नाही. मुंबईची बातमी जळगावला त्याच क्षणी मिळते, म्हणून जिल्हा दैनिकाचे दिवस भरले असे सांगितले जाते. आतापर्यंतचा इतिहास पाहता ही भीती चुकीच्या जागी आहे. अंतराने दैनिकाला केवळ जागा दिली होती, जीव दिला होता तो रोजच्या स्थानिक निर्णयांनी. तेव्हा अंतर संपल्याने ते मरायचे कारण नाही. धोका आहे तो दुसऱ्या बाजूला. मार्च २०२२ मध्ये जळगाव जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांचे हेच झाले. अशा कारभारात सभा नाही, सभापती नाही, विरोधी बाकावरून विचारलेला प्रश्न नाही; निर्णय वरून येतो आणि खाली तामील होतो. ‘खानदेश वैभव’च्या काळातला कारभार असाच होता, आणि त्याला आठवड्याचे पत्र पुरत होते.